लाखेची की व्हिनाइलची? एकसारख्या दिसणाऱ्या दोन काळ्या तबकड्या

नाशिकला पंचवटीतला आत्याचा वाडा पाडायला काढला तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत्या म्हणाली, "अरे, तुला ते रेकॉर्डचं वेड लागलंय ना? घेऊन जा ही. नाहीतर उद्या भंगारवाला नेईल." ट्रंक रिक्षापर्यंत नेताना दोन्ही हातांना रग लागली. शंका यायला हवी होती ती तिथेच.

मी नुकताच एक सुटकेससारखा प्लेयर घेतला होता. घरी येऊन सगळ्यात वरची तबकडी लावली, हिराबाई बडोदेकरांची. प्लेयरवर आकडे दोनच, ३३ आणि ४५. ४५ वर लावली तर हिराबाईंच्या जागी कुणी झोपमोड झालेले गृहस्थ गाऊ लागले, आणि त्यांच्या आवाजावर फोडणी तडतडावी तशी खरखर. धूळ असेल म्हणून कापसावर स्पिरिट घेऊन पुसायला बसलो. कापूस काळाकुट्ट झाला. जुनी घाण निघतेय या समाधानात आणखी जोरात पुसलं. निघत होती ती घाण नव्हती, खुद्द तबकडीच होती.

मराठीत आपण दोन्हींना तबकडी म्हणतो, रेकॉर्ड म्हणतो, घोटाळा तिथूनच सुरू होतो. एक आहे लाखेची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. जाणकार तिला नुसतं 'अठ्ठ्याहत्तरची' म्हणतात. दुसरी व्हिनाइलची, म्हणजे एलपी (लाँग प्ले), मिनिटाला ३३ पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी. दोन्ही काळ्या, दोन्ही गोल, मधे भोक, आणि बऱ्याचदा दोन्हींवर कर्ण्यासमोर बसलेला तोच कुत्रा. नव्यानं संग्रह सुरू करणाऱ्याला आपल्याकडे आधी भेटते ती बहुधा लाखेची, कारण जुन्या घरांतून फुकटात निघते ती तीच. विकत मात्र तो प्लेयर घेतो व्हिनाइलचा.

लाख म्हणजे तीच, बांगड्यांची आणि पार्सलवर सील मारायची. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर राहणाऱ्या किड्यांचा तो स्राव. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालून तबकडी दाबत. दगडाची भुकटी स्वस्तात वजन वाढवायला असेल असं मला बरेच दिवस वाटायचं. पण तिला दुसरंही काम होतं. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई पहिल्या काही फेऱ्यांत या भुकटीवर घासून खाचेच्या आकाराची होई. तबकडी सुईला धार लावायच्या दगडासारखी वागायची म्हणा ना. म्हणून तर दर बाजूला नवी सुई लावायची पद्धत होती आणि सुयांच्या चिमुकल्या पत्र्याच्या डब्या घरोघरी असत. आत्याच्या ट्रंकेतही अशी एक डबी निघाली, गंजलेल्या सुयांसकट. या भुकटीमुळेच ७८ ची तबकडी नवी असतानाही थोडी खरखरते. तो तिचा दोष धरू नये.

व्हिनाइल म्हणजे प्लास्टिक. अमेरिकेत कोलंबिया कंपनीनं १९४८ साली व्हिनाइलची एलपी बाजारात आणली. पदार्थ गुळगुळीत, त्यामुळे खाचा बारीक आणि दाट पाडता आल्या, फेरे कमी करता आले, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मावू लागली. दहा इंची ७८ वर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. पुढच्याच वर्षी आरसीए कंपनीनं ४५ फेऱ्यांची सात इंची छोटी तबकडी काढली. तीही व्हिनाइलचीच, तिची फार चिंता करू नका.

तीन मिनिटं आणि बावीस मिनिटं, हा फरक नुसता सोयीचा नाही. नाशिकचंच उदाहरण घ्या. विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम पंचवटीत होता, आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर १९२१ साली नाशिकलाच जन्मले. १९५५ मध्ये, ऐन चौतिशीत ते गेले. त्यांच्या हयातीतल्या तबकड्या ७८ च्या. त्यांच्या एलपी आल्या त्या मागाहून. ७८ वर गाणारा तीन मिनिटांत राग उभा करून, दोन-चार ताना घेऊन, सम गाठून मोकळा व्हायचा. मैफलीत तोच राग तासभर चालला असता. लाखेच्या तबकडीवरचं गाणं म्हणजे मैफलीचा तुकडा नव्हे. ती तेवढ्याच वेळासाठी बांधलेली वेगळी चीज असते. बालगंधर्वांची पदं ऐकतानाही हे जाणवतं. अगदी सुरुवातीच्या काळात, १९०२ मध्ये गौहर जान कलकत्त्यात गायल्या तेव्हा तर गाणं संपताच स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायच्या, कारण तबकड्या छापायला जर्मनीला जात आणि तिथल्या कारागिरांना कोणती कुणाची ते कळायला हवं. त्या तीन मिनिटांतली काही सेकंद अशी ओळखपरेडीत जायची.

आता सुईकडे येऊ. खरं नुकसान होतं ते इथे.

७८ ची खाच रुंद असते. तिला लागणाऱ्या सुईच्या टोकाची त्रिज्या इंचाच्या तीन हजारांशाच्या आसपास. एलपीच्या सुईची एक हजारांश किंवा त्याहूनही कमी. एलपीची सुई ७८ च्या खाचेत टाकली की ती दोन्ही भिंतींना न टेकता तळाशी लोळते, आणि तळाशी साठलेली असते साठ-सत्तर वर्षांची धूळ. आवाज कमी, खरखर जास्त, आणि सुई झिजते ती वेगळीच. उलटं केलं, म्हणजे चावीच्या ग्रामोफोनवर एलपी लावली, तर तबकडीच संपली. त्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त भार असतो. आजच्या चांगल्या प्लेयरची सुई दीड-दोन ग्रॅमवर चालते. गोणपाट शिवायच्या दाभणानं येवल्याची पैठणी शिवायला घेतल्यासारखं होतं ते. आमच्या मामांनी कौतुकानं पाहुण्यांना कर्णा दाखवायला एक एलपी त्यावर वाजवली. एकदाच. त्यानंतर त्या एलपीतून पाऊस पडल्याचाच आवाज येतो.

जुन्या चार-गतीच्या प्लेयरवर १६, ३३, ४५, ७८ असे आकडे असत, आणि पुष्कळांत सुईपाशी एक छोटी कळ असे. ती फिरवली की ७८ ची सुई वर जाई आणि एलपीची खाली येई. असा प्लेयर चालू स्थितीत मिळाला तर दोन्ही प्रकार एकाच जागी वाजतील. मात्र सुई जुनीच असेल तर ती बदलल्याशिवाय चांगली एलपी त्याच्यावर ठेवू नका. नवा प्लेयर घेणार असाल तर तो ७८ वर फिरतो का एवढंच विचारून थांबू नका, ७८ ची वेगळी सुई त्याला बसते का तेही विचारा. पहिल्या प्रश्नाला दुकानदार लगेच 'हो' म्हणतो. दुसऱ्याला तो मोबाईल काढतो.

भद्रकालीतल्या जुन्या सामानाच्या दुकानात किंवा बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात गठ्ठा समोर आला तर ओळखायचं कसं? वाकवून बघू नका. व्हिनाइल थोडं वाकतं, लाख वाकत नाही, सरळ तुटते, आणि मग तुटलेली तबकडी तुमचीच. कडेनं धरून बोटाच्या पेरानं हलकेच टकटक करा. लाखेची काचेच्या बशीसारखी टणकन बोलते, व्हिनाइलचा आवाज दबका येतो. दहा इंची ७८ बहुधा बारा इंची एलपीपेक्षाही हाताला जड लागते. पण सगळ्यात सोपी खूण लेबलवर असते. सात इंची छोटी सोडली तर एका बाजूला एकच गाणं म्हणजे जवळपास नक्की ७८. चार-सहा गाणी किंवा अख्खा राग म्हणजे एलपी. वेष्टनही बोलतं. ७८ ला खाकी कागदाचं, मधे गोल भोक पाडलेलं पाकीट, एलपीला छान छापलेलं पुठ्ठ्याचं. जाता जाता, 'अल्बम' हा शब्दही ७८ च्याच काळातला. अनेक पाकिटं एकत्र बांधून फोटोच्या अल्बमसारखं पुस्तक करत, त्यावरून तो आला.

सालावरून मात्र ओळखायला जाऊ नका. एलपी आली म्हणून लाख लगेच गेली नाही, आपल्याकडे तर नाहीच. साठच्या दशकातही भारतात ७८ निघत होत्या, बीटल्सची गाणीसुद्धा इथे ७८ वर निघाली, आणि परदेशातले संग्राहक आज त्या शोधत असतात. तेव्हा साठच्या दशकातलं सिनेमाचं गाणं लाखेवरही असू शकतं, व्हिनाइलवरही.

जपणुकीत दोघींचे स्वभाव वेगळे. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, सुतार लाखेचं पॉलिश करतात ते याच गुणावर, हे मला घरी बसून समजलं असतं. लाखेला साधं थंड पाणी, भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, मऊ फडकं, आणि लेबल ओलं होऊ न देणं एवढंच. पातळ केलेलं स्पिरिट चालतं ते व्हिनाइलला. व्हिनाइलची दुखणी दुसरी. ती धूळ ओढून घेते, आणि उन्हात वाकते. एप्रिल-मेमध्ये कॉलेज रोडला गाडी उन्हात लावून आत एलपी ठेवून गेलात, तर परत येईपर्यंत तिचा पापड झालेला असेल. दोन्ही उभ्या ठेवायच्या, थाळ्यांसारख्या एकावर एक रचायच्या नाहीत. नाशिकचा पावसाळा दोन्हींना सारखाच वाईट, पाकिटांना बुरशी येते. सराफ बाजाराच्या आसपासच्या तळमजल्यावरून गठ्ठा घेत असाल तर लेबलं फुगलेली आहेत का ते बघा. गोदेच्या पुरात पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला की तिथे काय होतं हे नाशिककराला सांगायला नको.

मग सुरुवात कशानं करायची? माझं मत स्पष्ट आहे, एलपीनं. एक बरा प्लेयर, आणि ज्यांचं गाणं तुम्ही आधीपासूनच वारंवार ऐकता त्यांच्या पाच-सहा एलपी. उजेडात तिरपी धरून चरे बघा, संच असेल तर आतल्या तबकड्या मोजून घ्या, कारण पेटी एकाची आणि माल दुसऱ्याचा असं सर्रास असतं. ७८ हा स्वतंत्र छंद आहे. त्याला वेगळी सुई लागते, जास्त जागा लागते आणि खरखरीतून गाणं वेचायचा कान लागतो. तो कान सहा महिन्यांत येतो किंवा कधीच येत नाही. फुकट मिळालेला लाखेचा गठ्ठा टाकून मात्र देऊ नका. कागदी पाकिटात घालून उभा ठेवा, त्याची वेळ येते.

माझी वर्षभरानं आली. ७८ ची सुई बसणारा प्लेयर घेतला आणि आत्याला घरी बोलावलं. हिराबाई यावेळी हिराबाईंच्याच आवाजात गायल्या. तबकडीवर स्पिरिटनं पुसलेला भाग अजून फिकट दिसतो, तो मिनिटाला ७८ वेळा सुईखालून जातो, आणि दर वेळी एक बारीकसा 'खस्स' असा आवाज येतो. आत्यानं डोळे मिटूनच विचारलं, "हीच का रे तू पुसलेली?"