एक नाव, तीन झाडं: नागकेशर, ब्राह्मी आणि कुड्याचा घोळ

फेब्रुवारी-मार्चमध्ये वेंगुर्ल्याकडे आरवली-शिरोडा भागात गेलात तर सुरंगीचा वास आधी येतो आणि झाड मागून दिसतं. फुलं जुन्या जाड फांद्यांनाच चिकटून येतात, त्यांचे वळेसर म्हणजे गजरे होतात, हे सगळ्यांना ठाऊक. पण हिच्याच वाळवलेल्या कळ्या बाजारात 'लाल नागकेशर' म्हणून जातात हे कोकणातल्याही बऱ्याच जणांना माहीत नसतं. सुरंगी म्हणजे मॅमिया सुरिगा, आणि वैद्य ज्याला खरं नागकेशर म्हणतात ते मेसुआ फेरिया या झाडाच्या फुलातले वाळलेले पुंकेसर. दोन्ही झाडं एकाच कुळातली, एवढंच काय ते नातं. आणि मसाल्यात टाकतो ते काळं, देठवालं नागकेशर बऱ्याचदा दालचिनीच्या भाईबंदांची कच्ची फळं असतात. म्हणजे चिठ्ठीवर एकच शब्द आणि डब्यात तीन झाडं!

स्वीडनच्या लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1753 मध्ये दोन शब्दी नावांची पद्धत बसवली, आधी आडनाव मग नाव अशी, ती असल्या घोळावर चांगला उतारा ठरली. गंमत म्हणजे आपल्याकडच्या झाडांसाठी त्याने ज्या ग्रंथाचा भरपूर आधार घेतला तो 'हॉर्टस मलबारिकस' (1678 ते 1693, 12 खंड) कोचीनच्या डच गव्हर्नरने करवून घेतलेला, आणि त्यात मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन यांच्यासोबत रंगा भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोकणी जाणकारही होते. चित्रांवर झाडांची नावं नागरीतही छापलीयत.

आता ब्राह्मी. विहिरीच्या कडेला, माडाच्या आळ्यात पसरते ती गोलसर पानाची, कडा दातेरी, प्रत्येक पान वेगळ्या लांब देठावर आणि आडव्या धावत्या खोडाला जागोजागी मुळं, तिला आपण सर्रास ब्राह्मी म्हणतो. ही सेंटेला एशियाटिका, आयुर्वेदाच्या ग्रंथातली मंडूकपर्णी, कोथिंबिरीच्या कुळातली. दुसरी बकोपा मोनिएरी, तिची पानं बोटाच्या पेराहून लहान, जाडसर, समोरासमोर जोडीने, फुलं पांढरी-निळसर. स्मरणशक्तीसाठी जास्त प्रयोग झालेत ते या दुसरीवर, तिच्यात बॅकोसाइड्स नावाची द्रव्यं असतात, पहिलीत एशियाटिकोसाइड, जे जखम भरायच्या मलमात वापरतात. दोन्ही गुणीच आहेत हो, पण 'ब्राह्मी घेतली, फरक नाही पडला' म्हणणाऱ्याला आधी कुठली घेतली ते विचारावं.

शास्त्रीय नावं तरी कायम राहतात का? नाही. सह्याद्रीतलं नरक्या हे झाड घ्या, फुलांना घाण वास म्हणून हे नाव. तो आधी मॅपिया फोटिडा, मग नोथापोडायटिस फोटिडा, आता नोथापोडायटिस निमोनियाना. त्याच्यावरचा जुना शोधनिबंध शोधायचा तर तिन्ही नावं टाकून बघावं लागतं. आणि शोधायला कारण आहे, याच्यात कॅम्प्टोथेसिन असतं. हे द्रव्य पहिल्यांदा एका चिनी झाडातून काढलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी या रसायनशास्त्रज्ञांनी, 1966 मध्ये, आणि हे वाणी मूळचे आपल्या नंदुरबारचे! त्यावरून कॅन्सरची टोपोटेकॅन, आयरिनोटेकॅन ही औषधं आली, आणि इकडे जंगलात नरक्याची तोड सुरू झाली.

सगळ्यात जपून राहायचं ते कुड्याबाबत. आवेवर साल वापरतात तो पांढरा कुडा, होलॅरहेना प्युबेसेन्स, त्यातलं कोनेसिन हे द्रव्य आवेच्या अमिबावर चालतं. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया, पानांतून निळा रंग निघतो तो, आवेला उपयोग नाही. शेंगा आल्या की ओळख सोपी: दोघांच्याही जोडीने लोंबतात, पण काळ्याच्या शेंगांची टोकं शेवटी एकमेकांना चिकटलेली, पांढऱ्याच्या सुट्या. फुलात बघाल तर काळ्याच्या मधोमध केसाळ झुपका असतो, पांढऱ्याच्या नसतो. नुसती साल कुणी आणून दिली तर मात्र घेऊ नका, पानाफुलासकट फांदी मागा, नाहीतर जवळच्या कॉलेजातल्या बॉटनीच्या सरांना नेऊन दाखवा.