दीड टनाचा दगड कुठे गेला?

जून उजाडला की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड न चुकता येतो. सांदण दरीचा फोटो, वर सोनेरी अक्षरांत 'आशियातील दुसऱ्या क्रमांकाची खोल दरी', खाली 'प्रचंड भूकंपात जमीन दुभंगून झालेला निसर्गाचा चमत्कार' आणि शेवटी हात जोडलेले. यंदा त्याखाली एका नव्या मेंबरने विचारलं, ''जुलैत जाऊ या का? पावसात कसली भारी दिसेल!'' मी उत्तर लिहायला बसलो. ते ग्रुपवर मावेना, म्हणून हा लेख.

आधी त्या क्रमांकाचा निकाल लावू. सांदणच्या भिंती दोनशे-तीनशे फूट उंच आहेत. नेपाळात काली गंडकी नदी धौलागिरी आणि अन्नपूर्णा या आठ हजार मीटरच्या दोन शिखरांमधून वाहते आणि शिखरापासून नदीपात्रापर्यंतची उंची साडेपाच किलोमीटरच्या घरात जाते. लांब कशाला, शेजारच्या हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा सांदणपेक्षा कितीतरी खोल कोसळतो. हा 'दुसरा क्रमांक' कुणी दिला, कोणती टेप लावून दिला आणि पहिला कोण, हे फॉरवर्ड करणाऱ्यांपैकी एकालाही सांगता आलेलं नाही. सांदणला असल्या बिल्ल्याची गरजही नाही. तिची खरी नवलाई खोलीपेक्षा अरुंदपणात आहे. काही ठिकाणी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागतात, आणि वर पाहिलं तर आकाशाची एक चिंधी दिसते.

भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून गेलं की साम्रद हे गाव लागतं. तालुका अकोले, जिल्हा अहिल्यानगर. समोर रतनगड, त्याचा खुटा नावाचा सुळका, पलीकडे अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांचं त्रिकूट. गावातून दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चाललं की पायाखालची जमीन सरळ फाटलेली दिसते. फॉरवर्डवाल्यांना भूकंप सुचतो तो इथेच, आणि त्यात त्यांचा फारसा दोषही नाही. दिसतंच तसं. नावही बघा, 'सांद' म्हणजे फट. सांदीकोपरा हा शब्द त्यातलाच. (कोकणातल्या वाचकांना सांदण म्हटल्यावर फणसाचं आठवलं असेल, तर त्याचा इथे संबंध नाही, पण आठवण वाईट नाही.) काही जण सांधण लिहितात आणि गंमत म्हणजे भूशास्त्राच्या दृष्टीने तेही चालण्यासारखं आहे. खडकातल्या नैसर्गिक तडेला भूशास्त्रात 'सांधा' म्हणतात आणि ही सगळी कहाणी सांध्यापासूनच सुरू होते.

सह्याद्रीचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या भेगांमधून लाव्हा बाहेर पडला आणि थरावर थर साचत गेले. शाळेत दख्खनचं पठार शिकताना हे आपण घोकलेलं असतं. घोकायचं राहून जातं ते पुढचं. लाव्हा निवताना आक्रसतो, आक्रसताना तडकतो. उन्हाळ्यात तळ्याचा गाळ वाळून भेगाळतो, तसाच. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलचे उभे खांब याच तडकण्यातून झाले. नंतर जमिनीखालच्या ताणांमुळे लांबच लांब सरळ तडाही जातात. म्हणजे सह्याद्री अखंड दगड नाहीच, तो तडे गेलेल्या दगडांची रचलेली चळत आहे. पाण्याला हे माणसाच्या आधी कळलं.

मग भूकंप का नाही? दरीत उतरून पायाकडे बघा. भूकंपाने जमीन फाटली असती तर तळ म्हणजे वरून पडलेल्या मातीदगडांनी कशीबशी बुजलेली भेग असती. सांदणचा तळ अखंड खडकाचा आहे, तो पायऱ्यापायऱ्यांनी कोकणाकडे उतरत जातो आणि खळगे सोडले तर कुठेही उलटा चढत नाही. भिंतींवर हात फिरवा. खाली, माणसाच्या उंचीपर्यंत, त्या गुळगुळीत आहेत, वाटीसारख्या खोलगट जागा कोरलेल्या आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिलेल्यांना ही कलाकुसर लगेच ओळखू येईल. फाटलेल्या वस्तूच्या कडा अशा नसतात, घासलेल्या वस्तूच्या असतात. आणि भूकंपाचंच म्हणाल तर आपण १९६७ चा कोयनेचा आणि १९९३ चा किल्लारीचा, दोन्ही भोगले आहेत. जमिनीला भेगा गेल्या, पण पंचवीस मजली खोल घळ कुठेही पडली नाही.

आता दगडाची गोष्ट.

दरीत शिरल्यावर थोड्या अंतरावर पाण्याचे दोन डोह लागतात. ऊन तिथे पोचतच नाही, त्यामुळे फेब्रुवारीतसुद्धा पाणी हाडं गोठवणारं. दुसऱ्या डोहाच्या पुढे एक ऐसपैस दगड होता, बसायला सोयीचा. आमच्या पहिल्या खेपेला मी त्यावर बसून मोजे पिळले होते. फोटो आहे. दोन वर्षांनी गेलो तर दगड नाही. जागा तीच, मागच्या भिंतीवरचा पांढुरका पट्टा तोच, दगड मात्र गायब. आमच्याबरोबर साम्रदचाच एक तरुण वाटाड्या होता. त्याला विचारलं तर म्हणाला, ''गेला की काका खाली, पावसात. दरसाल जात्यात. दुसरे येत्यात.'' जणू एसटीबद्दल बोलतोय.

फोटोवरून अंदाज काढला. दगड साधारण मीटरभर जाडीचा, बराचसा गोल. बेसाल्ट पाण्याच्या जवळपास २.९ पट जड असतो. म्हणजे वजन भरलं दीड टन, एखाद्या मोटारीहून जास्त. तो ढकलायला पाणी किती जोरात हवं? मी मनात म्हटलं, तोफेच्या गोळ्यासारखं हवं. गणित केलं तर उत्तर आलं सेकंदाला ५ मीटर, ताशी १८ किलोमीटर. पेपर टाकणारा मुलगा सायकल हाणतो तो वेग.

इथे जरा थांबतो, कारण नदीशास्त्रातला माझा सर्वांत लाडका भाग हाच आहे. सहाव्या घाताचा नियम. ज्यांना घातांक आवडत नाहीत त्यांनी पुढचा परिच्छेद गाळला तरी चालेल, पण गाळू नये.

वाहतं पाणी दगडाला जो रेटा देतं तो दोन गोष्टींवर ठरतो. एक, दगडाचा समोरचा पृष्ठभाग. दोन, वेगाचा वर्ग. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. दगड मात्र वजनाच्या जोरावर तळाला धरून बसतो. आता दगडाची जाडी दुप्पट करा. समोरचा पृष्ठभाग चौपट होतो, वजन आठपट. म्हणजे रेटा चौपट वाढला आणि वजन आठपट, दगड जिंकला. त्याला हलवायचं तर वेगाचा वर्ग आणखी दुप्पट व्हायला हवा. उलटून सांगायचं तर पाणी जेवढ्या जाडीचा दगड हलवू शकतं ती जाडी वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वजन जाडीच्या घनावर अवलंबून. वर्गाचा घन म्हणजे सहावा घात. वेग दुप्पट, तर हलणाऱ्या दगडाचं वजन दोनाचा सहावा घात, ६४ पट! वेग तिपटीहून किंचित जास्त, ३.१६ पट झाला, तर वजन हजारपट. झपाझप चालणाऱ्या माणसाच्या वेगाने वाहणारा ओढा दीड किलोचा, नारळाएवढा दगड गडगडवतो. तोच ओढा सायकलच्या वेगाला पोचला की दीड टनाचा. त्यात पाण्यात बुडालेला बेसाल्ट आपलं एक तृतीयांश वजन गमावून बसतो आणि पुराचं पाणी गाळाने आणखी जड झालेलं असतं.

हा नियम ढोबळ आहे. दगड चपटा असेल, दुसऱ्यात अडकलेला असेल, तर आकडे हलतात. पण त्याचा गाभा हलत नाही, आणि तो गाभा असा, की नदी बहुतेक दिवस काहीच करत नाही. पावसाळा सोडला तर सांदणमधलं पाणी म्हणजे दोन डोह आणि एक थेंबथेंब. खडक कोरण्याचं काम होतं ते काही मोजक्या पुरांच्या मोजक्या तासांत.

आणि हे तास इथेच एवढे कडक का? अरुंदपणामुळे. समजा वरच्या सपाटीवर तीस मीटर रुंद पात्रातून पाणी वाहतंय. तेच सगळं पाणी तीन मीटरच्या फटीत घुसलं. उघड्या मैदानात पाणी वाढलं तर पसरतं, इथे पसरायला जागा नाही, ते वर चढतं. खोली वाढली की तळाशी होणाऱ्या घर्षणाचा वाटा कमी होतो आणि वेग वाढतो. ओढ्यांसाठी वापरलं जाणारं साधं समीकरण लावलं (वेग खोलीच्या दोन तृतीयांश घाताने वाढतो असं ते सांगतं), तर रुंदी दहावा हिस्सा झाल्यावर खोली होते सुमारे चौपट आणि वेग अडीचपट. अडीचचा सहावा घात काढा, २५० च्या आसपास येतो. भिंतींचं घर्षण यातलं बरंच खाऊन टाकतं, हे कबूल. तरीही उरतं ते भयंकर आहे. म्हणजे एकदा का एखाद्या तडेत पाणी शिरलं, की तिथे त्याची ताकद वाढते, ताकद वाढली की तड खोल होते, आणि खोल झाली की पुढच्या पुराचं पाणी तिथेच जातं.

कोरायचं काम पाणी एकटं करत नाही. त्याची हत्यारं म्हणजे हेच दगड. ते तळावरून घसपटत, आपटत जातात आणि तळ खरवडतात, भिंतींच्या वरच्या भागाला त्यांचा धक्काही लागत नाही. म्हणून दरी रुंद व्हायच्या आधी खोल होते. शिवाय सांध्यांमुळे सुटे झालेले ठोकळे पुराचं पाणी खालून दाब देऊन अक्षरशः उपटून काढतं, हिरडीतला दात काढावा तसं. अडीच हजार रुपयांचे बूट घालून आपण ज्या पायऱ्यांवरून घसरतो त्यातल्या कित्येक अशा उपटलेल्या दातांच्या खोबणी आहेत.

उताराचाही हातभार आहे. साम्रदची सपाटी म्हणजे पाणलोटाची धार. जवळच रतनगडावर उगवणारी प्रवरा पूर्वेला जाते, गोदावरीला मिळते, आणि तिथे पडलेल्या थेंबाला बंगालचा उपसागर हजार किलोमीटरहून दूर असतो. सांदणमध्ये पडलेला थेंब पश्चिमेला कोकणात उतरतो, त्याला अरबी समुद्र शंभरेक किलोमीटरवर. उंची साधारण तीच, अंतर दहा पटीने कमी, आणि त्यातलाही बहुतेक उतार पहिल्या काही किलोमीटरांतच. पाऊस म्हणाल तर शेजारच्या घाटघरला नगरची चेरापुंजी म्हणतात, उगीच नाही.

हे सगळं सांगितल्यावर ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी नवीन माहिती टाकली. सांदणमध्ये होकायंत्र भरकटतं, मोबाइलचं जीपीएस वेडं होतं, कारण तिथे 'ऊर्जेचा भोवरा' आहे. एका कॅम्पवाल्याच्या जाहिरातीत भोवऱ्यात बसून ध्यान करायचे वेगळे पैसे होते म्हणे. जीपीएसला एकाच वेळी किमान चार उपग्रह दिसावे लागतात. तीनशे फुटी भिंतींच्या मधून चिंधीएवढ्या आकाशात ते कुठून दिसणार? जे संदेश येतात तेही भिंतींवर आपटून, वळसा घेऊन. होकायंत्र खडकाला टेकवून धरलंत तर ते थोडं हलू शकतं, कारण बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय खनिज असतं. खरी गंमत तर या खनिजाने जपलेल्या नोंदीत आहे. सह्याद्रीतले बरेचसे लाव्हाथर निवले तेव्हा पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र आजच्या उलट होतं आणि भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. खडकाला ते अजून आठवतं. हे सोडून भोवरा कशाला हवा?

राहिला जुलै. दोन आकडे देतो. मांडीभर पाण्यात उभ्या माणसाला सेकंदाला एक मीटर वेगाचं पाणी दहा-बारा किलोचा रेटा देतं, तो सहज सोसतो. वेग तिप्पट झाला की रेटा नऊपट, शंभर किलोच्या पुढे, आणि पायाखाली शेवाळलेला बेसाल्ट. दरीतून वर चढून जायला मधे कुठे वाट नाही. पाऊस डोक्यावर पडायलाच हवा असंही नाही, वरच्या सपाटीवर पडला तरी तो याच फटीत येतो आणि तळात उभ्या माणसाला वरचे ढग दिसत नाहीत. आम्ही गेलो तेव्हा दोन्ही भिंतींच्या मधे, माझ्या डोक्यापासून आणखी दोन पुरुष उंचीवर, एक ओंडका आडवा अडकलेला होता. त्याला वाळलेलं गवत लोंबत होतं. मी बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिलो. ती त्या पावसाळ्यातली पाण्याची पातळी होती. वाटाड्याने ओंडक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

त्याच दिवशी पुढे, जिथे दरी रुंदावते आणि समोर कोकण उघडतं, तिथे मोठमोठ्या दगडांचा खच पडलेला आहे. मी फोटो काढून माझा दगड शोधायला लागलो. एकाला टोक होतं तसं, दुसऱ्याचा रंग तसा. वाटाडा दोन-चार मिनिटं कौतुकाने बघत होता. मग म्हणाला, ''काका, सापडला तरी वळखू न्हाय यायचा. इथवर येस्तोवर त्याचे समदे कोपरे गेले असत्याल.''