घर रिकामे करायचे म्हणजे नेमके काय? (घरमालक आणि किरायेदार, दोघांसाठी)

वाद घेऊन कुणीही आले की आम्ही आधी कागद मागतो. पुढचा रस्ता त्यावरच ठरतो.

नागपुरात मनीषनगर, प्रतापनगरकडचे बहुतेक फ्लॅट अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरत्या राहण्याच्या परवानगीवर, दिलेले असतात. मुदत संपूनही राहणारा निघत नसेल, तर मालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा (महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999, कलम 24). हा मार्ग राहत्या घरापुरताच आहे, दुकानाला नाही. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्र देऊन बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर राहणाऱ्याला लढताच येत नाही. वरून मुदतीनंतरची भरपाई दुप्पट दराने: महिना 12,000 ठरला असेल तर 24,000. करार नोंदवून घेणे मालकाचे काम. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे! नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत किरायेदाराचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे असल्याचे मालकाने सिद्ध करायचे.

महाल-इतवारीतल्या जुन्या किरायेदारीचे प्रकरण वेगळे. पूर्वी विदर्भात घर रिकामे करून घेण्याआधी रेंट कंट्रोलर या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी लागायची. 31 मार्च 2000 पासून वरचाच 1999 चा कायदा लागू झाला आणि तो टप्पा गेला. आता दावा थेट लघुवाद न्यायालयात (स्मॉल कॉज कोर्ट). किराया थकला असेल तर आधी लेखी मागणीची नोटीस द्यायची आणि ती मिळाल्यापासून 90 दिवस थांबायचे. घाई केलेला दावा इथेच पडतो. समन्सनंतरही 90 दिवसांत किरायेदाराने सगळी थकबाकी, 15 टक्के सरळव्याज आणि खर्च कोर्टात भरला, तर या कारणाने घर जात नाही. मालक किराया घेत नसेल तर मनीऑर्डर करा आणि परत आलेली पावती जपा.

स्वतःच्या गरजेसाठी, पोटभाडेकरू ठेवल्यामुळे किंवा कारण नसताना सहा महिने घर बंद ठेवल्यामुळेही ताबा मागता येतो. गरजेच्या दाव्यात मात्र जास्त अडचण कुणाची होईल, हे कोर्ट तोलते.

कुलूप बदलणे, नळ तोडणे, लाइट कापणे हे मालकाने करूच नये. चांगली केस त्यानेच बिघडते. बेकायदा बाहेर काढलेल्या किरायेदाराला सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागता येतो.

येताना करार, किरायाच्या पावत्या, नोटीस आणि तिची पोस्टाची पावती आणा. समन्स आले असेल, तर ते हाती पडल्याची तारीख त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवा.