शब्बाथ आणि बाल तश्खीत : थांबणं वेगळं, वाचवणं वेगळं

लहानपणी ठाण्याला आमच्या ज्यू घरात शुक्रवारी सूर्य बुडायच्या आधी आई बाथरूमचा दिवा लावून ठेवायची आणि तो शनिवारी रात्री आकाशात तारे दिसेपर्यंत तसाच जळत राहायचा. शेजारच्या काकू एकदा शनिवारी दुपारी विरजण मागायला आल्या आणि आईला म्हणाल्या, "अहो वहिनी, तुमच्यात अन्नाचा कणसुद्धा वाया घालवत नाहीत, मग हा दिवा दिवसाढवळ्या कशाला?" आई म्हणाली, "आज त्याला हात लावायचा नाही." एवढंच. त्या एका दिव्यापाशी आमचे दोन नियम समोरासमोर उभे होते हे मला खूप नंतर कळलं, आणि हल्ली पर्यावरणाच्या गप्पांमध्ये ज्यू परंपरेचा विषय निघाला की लोक हेच दोन नियम, म्हणजे शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतची विश्रांती) आणि बाल तश्खीत, एकात एक घालतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी बाल तश्खीत. शब्दशः अर्थ, नासधूस करू नकोस. तोराहच्या, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाच्या, पाचव्या पुस्तकात हा नियम चक्क युद्धाच्या प्रकरणात येतो, म्हणजे एखाद्या शहराला वेढा घालून बरेच दिवस बसावं लागलं तरी तिथली फळझाडं कुऱ्हाडीने तोडायची नाहीत, त्यांची फळं खा पण झाड पाडू नका, झाड काय माणूस आहे का तुमच्याशी लढायला? पुढे रब्बींनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, हा नियम सगळ्या घर-संसाराला लावला. बाराव्या शतकात रामबाम, म्हणजे मायमोनिडीस हे मोठे ज्यू धर्मपंडित, लिहून गेले की भांडी फोडणं, कपडे फाडणं, झरा बुजवणं, अन्नाची नासाडी करणं, विनाकारण केलं तर हे सगळं त्यात येतं. पण "विनाकारण" हा शब्द महत्त्वाचा आहे बरं का. झाड दुसऱ्या झाडांना त्रास देत असेल किंवा त्याच्या फळांपेक्षा लाकडाची किंमत जास्त असेल तर तोडायला परवानगी आहे. म्हणजे वापरू नका असं कुणी म्हणत नाहीये, उगाच घालवू नका एवढंच.

यातलं मला सगळ्यात आवडतं ते तालमुदमधलं, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या जुन्या ग्रंथातलं, रव झुत्रा या रब्बींचं बोलणं. तेलाचा दिवा झाकून ठेवला किंवा नाफ्थ्याचा (भडकन पेटणाऱ्या खनिज तेलाचा) दिवा उघडा ठेवला तर बाल तश्खीत मोडतो असं ते सांगतात, कारण दोन्हीत इंधन लवकर जळून जातं. दीड हजार वर्षांपूर्वी एक माणूस बसून बघतोय की कुठल्या दिव्याला किती तेल लागतं! आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, मूळचे कोकणातले, तेल गाळणारे, त्यामुळे हे वाचताना मला आमच्याच कुणा आजोबांचं बोलणं ऐकल्यासारखं वाटतं.

आणि त्याच कोकणात लोक आम्हाला शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. हा झाला शब्बाथ. त्या दिवशी 39 प्रकारची कामं करायची नाहीत, नांगरणं, पेरणं, दळणं, शिजवणं, शिवणं, लिहिणं, आग पेटवणं, आणि नीट बघा, आग विझवणंसुद्धा. वीज आली तेव्हा ती नेमकी कुठल्या मनाईखाली बसते यावर रब्बींचे वाद झाले, पण कडक पाळणारी घरं बटणाला हात लावत नाहीत, ना लावायला ना बंद करायला. म्हणून आमच्या बाथरूमचा दिवा. बाल तश्खीत म्हणतो बंद कर, शब्बाथ म्हणतो राहू दे, आणि शनिवारी शब्बाथचं चालतं.

त्यामुळे शब्बाथला "वीज वाचवायचा दिवस" म्हणणं बरोबर नाही. इस्राएलमध्ये कितीतरी घरांत जेवण गरम ठेवायची प्लेट आणि पाण्याचा बॉयलर जवळजवळ 25 तास चालू असतो. मग शब्बाथमध्ये निसर्गासाठी काय आहे, तर आहे, आणि माझ्या मते खूप मोठं आहे. त्या दिवशी आपण जगावर काही करत नाही, काही बनवत नाही, विकत घेत नाही, गाडी काढत नाही. आणि दहा आज्ञांमध्ये विश्रांती फक्त मालकाला नाहीये, नोकराला आहे, परक्याला आहे, जनावरालाही आहे, म्हणजे घाणा बंद म्हणजे घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची झापडं पण उतरली. तो बैल दिवसभर काय करत असेल असं मी खूपदा मनात बघते.

दोन्ही पाळायचे तर विचार शुक्रवारी दुपारीच करायचा. माझ्याकडे आता टायमर आहे, दिवे रात्री अकराला आपोआप जातात, बाथरूमला अगदी छोटा एलईडी आहे, आणि शनिवारचं जेवण मी माणसं मोजून करते, कारण शुक्रवारी आपण हौसेने डबल करतो आणि रविवारी टाकून देतो, तिथे खरी नासाडी होते.

शमिताचं पण सांगायला हवं, तो जमिनीचा शब्बाथ. सहा वर्षं शेती, सातव्या वर्षी जमिनीला सुट्टी. हा नियम फक्त इस्राएलच्या भूमीला लागू आहे, कोकणातल्या आमच्या वाडीला नाही. मागचं शमिता वर्ष सप्टेंबर 2021 ते सप्टेंबर 2022 होतं, पुढचं सप्टेंबर 2028 ला सुरू होईल. शेतकऱ्याला हे सोपं नाही, म्हणून 1889 च्या सुमाराला त्या वर्षापुरती जमीन बिगर-ज्यू माणसाला विकल्याचा करार करून शेती चालू ठेवायची वाट काढली, आणि ती बरोबर की चूक हा वाद अजून चालू आहे.

त्या वर्षी जे फळ आपोआप येतं ते पवित्र मानतात, म्हणून त्यातला खाण्याजोगा भाग कचऱ्यात टाकायचा नाही. ऑगस्ट 2022 ला मी इस्राएलमधल्या दिमोनाला मावशीकडे होते. सिंकच्या बाजूला एक वेगळा डबा, त्यात पिशवीत बांधलेल्या आंब्याच्या साली, काही अजून पिवळ्याजर्द, काही काळ्या पडलेल्या. पूर्ण सडलं की मगच बाहेर टाकायचं. मी अर्धवट खाल्लेली कोय तशीच त्यात टाकायला गेले तर मावशीने हात धरला.

"अगं गर किती राहिलाय त्याला. आधी नीट चोख, मग डब्यात ठेव."