तोर्रेव्हिएहात राहायला जायचंय? स्पेनच्या 'नो लुक्रातिवा' व्हिसाची पात्रता आणि कागदपत्रं

अलिकान्ते प्रांतातलं तोर्रेव्हिएहा किंवा मुर्सियातलं आगिलास, समुद्रकाठच्या या गावांत घरभाडं बार्सिलोनापेक्षा बरंच कमी. व्हिसासाठी मात्र त्याचा काडीचाही उपयोग नाही. पैशांची अट देशभर एकच, गाव स्वस्त म्हणून सूट मिळत नाही.

नोकरीधंदा न करता राहणाऱ्यांसाठीच्या या व्हिसाला 'आयप्रेम' या सरकारी निर्देशांकाच्या ४०० टक्के रक्कम दाखवावी लागते. २०२३ पासून आयप्रेम महिना ६०० युरो धरला जातो. म्हणजे एकट्याला वर्षाला २८,८०० युरो, सोबतच्या प्रत्येकासाठी आणखी ७,२००. नवरा-बायकोचे झाले ३६,०००. युरो शंभर रुपयांचा धरला तरी ३६ लाख. नुसत्या पेन्शनवर हे गणित आपल्याकडे फार थोड्यांचं जुळेल. तुम्हाला मिळणारं घरभाडं, लाभांश, ठेवी हेही धरतात, तेव्हा बँकेची स्टेटमेंट व्यवस्थित लावा.

स्पेनमध्ये बसून पुण्याच्या कंपनीचं काम करणार असाल, तर हा व्हिसा तुमच्यासाठी नाहीच. डिजिटल नोमॅड व्हिसा बघा. घर विकत घेऊन मिळणारा गोल्डन व्हिसा ३ एप्रिल २०२५ पासून बंद झाला आहे. एखादा एजंट अजूनही तो सुचवत असेल, तर त्याला नमस्कार करा.

कागदपत्रांत पासपोर्ट, व्हिसाचा अर्ज, ईएक्स-०१ हा वास्तव्य परवान्याचा फॉर्म, वैद्यकीय दाखला आणि स्पेनमध्ये परवानगी असलेल्या कंपनीचा आरोग्य विमा लागतो. विम्यात उपचाराच्या वेळी खिशातून हिस्सा भरायची अट नको. प्रवास विमा चालत नाही. गेली पाच वर्षं जिथे राहिलात तिथला पोलीस दाखला हवा. भारतातला दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण, मग अधिकृत अनुवादकाकडून स्पॅनिश भाषांतर. क्रम हाच ठेवा, नाहीतर अपोस्टिलच्या मजकुराचं भाषांतर पुन्हा करावं लागतं. विवाह नोंदणीच्या दाखल्याला अपोस्टिलआधी राज्य सरकारचं प्रमाणीकरणही लागतं.

पोहोचल्यावर भाडेकरार घेऊन नगरपालिकेत पाद्रोनची, म्हणजे रहिवासी नोंद करा. महिन्याच्या आत टीआयई, म्हणजे परदेशी नागरिकाच्या ओळखपत्राच्या कार्डासाठी पोलिसांकडे बोटांचे ठसे द्यायचे असतात. वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि ती मिळणं हीच खरी कसरत, म्हणून उतरल्या दिवसापासून मागे लागा.

पहिला परवाना एक वर्षाचा, पुढे दोन-दोन वर्षांचा. पाच वर्षांनी दीर्घकालीन वास्तव्याचा अर्ज करता येतो. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की भारतातल्या उत्पन्नाचा हिशेबही स्पेनच्या करखात्याला द्यावा लागतो. दोन्ही देशांत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तरी निघण्याआधी सीएला भेटा.