सतराव्या सेक्टरमधली नोंद

जुना डेस्कटॉप भंगारात काढायला आपलं मन सहसा धजत नाही. कोथरूड असो की हडपसर, एखादा दहा-बारा वर्षांचा संगणक घराच्या कोपऱ्यात कापड पांघरून पडलेला सापडतोच. त्याची विंडोज रडतखडत चालते, पण मदरबोर्ड, मेमरी, मॉनिटर सगळं ठणठणीत असतं. अशा यंत्रावर लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची हलकी आवृत्ती टाकली तर मुलांच्या अभ्यासाला, जमाखर्चाला, पत्रं लिहायला ते आणखी काही वर्षं मजेत चालतं. चालू स्थितीतलं यंत्र केवळ एक डिस्क नीट न बनल्यामुळे कचऱ्यात जावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कारण अडतं ते डिस्कपाशीच. इंटरनेटवरून लिनक्सची आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली हुबेहूब प्रत (इमेज), उतरवली, पुण्याच्या तपकीर गल्लीतून कोरी डीव्हीडी आणली, फाइल उचलून तिच्यावर टाकली. संगणक बंद करून चालू केला, तर तो डिस्ककडे ढुंकूनही बघत नाही आणि पुन्हा जुनी विंडोजच उघडतो. डिस्क तपासावी तर फाइल जिथल्या तिथे, पूर्ण आकाराची. मग कमी काय पडलं? फाइल डिस्कवर आली, पण तिच्यातले बाइट ज्या जागी हवे होते त्या जागी आले नाहीत. डिस्क बूट होण्यासाठी, म्हणजे तिच्यावरून संगणक सुरू होण्यासाठी, काय लिहिलंय याच्याइतकंच ते कुठे लिहिलंय हे महत्त्वाचं असतं. इमेज बर्न करायची, म्हणजे लेझरने जशीच्या तशी डिस्कवर उतरवायची, ती त्या 'कुठे'साठीच.

पॉवरचं बटण दाबल्यावर पहिले काही क्षण संगणकात ऑपरेटिंग सिस्टिम नसतेच. जागा असतो तो फक्त मदरबोर्डवरच्या चिपमधला छोटा प्रोग्रॅम, बायोस. फाइल, फोल्डर, नावं या गोष्टी पुढे सिस्टिम आल्यावरच्या. जुन्या बायोसला येतं ते एवढंच, की अमुक क्रमांकाचा सेक्टर, म्हणजे डिस्कवरचा ठरावीक मापाचा तुकडा, वाचायचा आणि मेमरीत ठेवायचा. पेठांमधल्या जुन्या पत्त्यांत वाड्याचं नाव नसलं तरी घर क्रमांक आणि पेठ एवढ्यावर पत्र पोचायचं. सुरू होणारा संगणक तसाच नुसत्या क्रमांकावर चालतो. डेटा डिस्कवर असा एक सेक्टर २०४८ बाइटचा असतो आणि मोजणी शून्यापासून होते.

सीडीवर फाइली कशा मांडायच्या हे ठरवणारं आयएसओ ९६६० हे प्रमाण १९८८ सालचं. त्यात ० ते १५ हे पहिले सोळा सेक्टर मोकळे सोडले आणि सोळाव्यापासून डिस्कची ओळख सुरू केली. बूटच्या नोंदीला त्यात जागा होती, पण ती कशी वापरायची हे ठरवलेलं नव्हतं. त्यामुळे सिस्टिम सीडीवर असली तरी संगणक सुरू करायला आधी फ्लॉपी घालावी लागायची. जानेवारी १९९५ मध्ये फिनिक्स आणि आयबीएम या कंपन्यांनी 'एल टोरिटो' नावाचा आराखडा मांडला आणि ही अडचण सुटली. डिस्क बूट होणारी असेल तर त्याची नोंद सतराव्या सेक्टरमध्ये ठेवायची, असं त्यात ठरलं.

हे डोळ्यांनी बघता येतं, आणि एकदा तरी बघावंच. बूट होणारी कुठलीही आयएसओ फाइल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे फाइलमधला एकेक बाइट आकड्या-अक्षरांत (हेक्समध्ये) दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडा आणि ३२,७६८व्या बाइटवर जा. सोळा गुणिले २०४८ केलं की हाच आकडा येतो. तिथे आधी ०१ आणि मग इंग्रजी अक्षरांत 'सीडी००१' दिसेल. ही आयएसओ ९६६०ची खूण. आणखी २०४८ बाइट पुढे, ३४,८१६ला, पुन्हा 'सीडी००१' आणि त्याच्या मागोमाग 'एल टोरिटो स्पेसिफिकेशन' हे शब्द चक्क वाचता येतील असे लिहिलेले असतात. त्याच सेक्टरमध्ये ७१व्या बाइटपासून चार बाइटचा एक आकडा आहे. तो दुसऱ्या एका सेक्टरचा क्रमांक आहे, आणि त्या सेक्टरमध्ये बूट कॅटलॉग असतो. कॅटलॉगची ३२ बाइटची पहिली नोंद ५५ आणि एए या हेक्स जोडीने संपते. पुढची नोंद ८८ने सुरू झाली तर डिस्क बूट होणारी, ००ने झाली तर नाही. त्याच नोंदीत पहिल्या प्रोग्रॅमचा सेक्टर क्रमांक दिलेला असतो. बायोस तिथून बहुधा फक्त २०४८ बाइट उचलतो, मेमरीत ७सी०० या पत्त्यावर ठेवतो आणि सूत्रं त्या प्रोग्रॅमच्या हाती देतो. बाकीची सगळी सिस्टिम शोधून आणायचं काम मग तोच करतो. इतक्या मोठ्या डिस्कचा सगळा डोलारा सुरुवातीला या एवढ्याशा तुकड्यावर उभा असतो, याचं मला अजूनही नवल वाटतं.

आता फाइल नुसती कॉपी केल्यावर काय होतं ते लक्षात येईल. बर्न करणारं सॉफ्टवेअर डिस्कवर स्वतःची नवी मांडणी तयार करतं आणि आपली आयएसओ फाइल तिच्या पोटात कुठेतरी मधल्या सेक्टरपासून ठेवतं. एल टोरिटोची नोंद डिस्कवर आहे, पण ती सतराव्या सेक्टरमध्ये नाही. बायोस सतराव्यात बघतो, काही सापडत नाही, पुढे निघून जातो. आयएसओ उघडून आतल्या फाइली एकेक करून डिस्कवर टाकल्या तरी हेच होतं, कारण ती नोंद कुठल्याच फाइलमध्ये नसते. इमेज बर्न करताना मात्र फाइलचे पहिले २०४८ बाइट शून्याव्या सेक्टरवर, पुढचे २०४८ पहिल्यावर, असं सगळं जसंच्या तसं उतरतं. विंडोज ७ पासून यासाठी वेगळं काही घ्यावं लागत नाही, आयएसओ फाइलवर राइट क्लिक केलं की 'बर्न डिस्क इमेज' हा पर्याय येतो. एक्सपीत ही सोय नव्हती, तिथे इमबर्नसारखं सॉफ्टवेअर लागतं. लिनक्सवर के३बी किंवा ब्रासेरो.

बर्न करण्याआधी फाइल पूर्ण आणि बिनचूक उतरली आहे ना, हे बघण्याचा कंटाळा करू नये. पहिली चाचणी अगदी साधी आहे. फाइलचा आकार बाइटमध्ये घ्या आणि २०४८ने भागा. बाकी उरली तर डाउनलोड बहुधा अर्धवट आहे. खरी चाचणी हॅशची, म्हणजे फाइलच्या बाइटवरून गणिताने काढलेल्या ओळखखुणेची. बहुतेक लिनक्स प्रकल्प इमेजसोबत ६४ हेक्स अंकांचा शा-२५६ हॅश देतात. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी हॅशच्या २५६ बिटांपैकी साधारण निम्मे बदलतात, त्यामुळे चूक लपत नाही. विंडोजमध्ये हॅश काढायला सर्टयुटिल हा आदेश आधीपासूनच असतो.

डिस्कमध्ये नेमकं काय घडतं हेही पाहण्यासारखं आहे. कोऱ्या डिस्कवर आतून बाहेर जाणारी सर्पिल खाच कारखान्यातच पाडलेली असते. सीडीत तिचे दोन वेढे १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, डीव्हीडीत ०.७४. डीव्हीडीवरची खाच सरळ केली तर जवळपास १२ किलोमीटर भरेल. खाचेवर सेंद्रिय रंगाचा पातळ थर आणि त्यावर आरशासारखा धातूचा थर असतो. लिहिताना लेझरची शक्ती वाचण्याच्या वेळेपेक्षा कितीतरी पट वाढवतात. रंग तापून त्याची रचना बदलते आणि तेवढ्या जागेवरून प्रकाश कमी परततो. वाचताना लेझर अशा चकाकत्या-मंद जागांच्या सीमा टिपतो. सीडीत हा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीत ६५० नॅनोमीटरचा, म्हणजे लाल. डीव्हीडीवर एक जीबीची इमेज बर्न केल्यावर ती तिरकी धरून बघा. मधल्या भोकाच्या बाजूने सुरू होणारा एक पट्टा बाकीच्या भागापेक्षा किंचित वेगळ्या छटेचा दिसतो. आपली सिस्टिम म्हणजे तो पट्टा.

रंग एकदाच जळतो, म्हणून मधेच लाइट गेले तर ती डिस्क वायाच जाते. पूर्वी तर संगणक डेटा पुरवायला क्षणभर मागे पडला तरी तेच व्हायचं. सॅन्योने २०००च्या सुमारास थांबलेल्या जागेपासून पुढे लिहू शकणारं तंत्र आणलं आणि तो त्रास जवळपास संपला. वेगाबद्दल माझं मत असं, की जुन्या ड्राइव्हवर कमाल वेग टाळावा, पण अगदी किमानही धरून बसू नये. डिस्कचा रंग ठरावीक वेगांसाठीच बनवलेला असतो. ७०० एमबीची सीडी १६एक्स वेगाने पाच मिनिटांत होते. तेवढा धीर धरायला हरकत नाही.

गाण्याच्या आणि डेटाच्या सीडीत एक मोठा फरक आहे. गाण्यात आवाजाचा एखादा नमुना (एका क्षणी मोजलेला आकडा) वाचता आला नाही तर आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधून तो भरता येतो, कानाला कळतही नाही. प्रोग्रॅममध्ये अंदाज चालत नाही. म्हणून सीडीवरच्या डेटा सेक्टरला प्रत्यक्षात २३५२ बाइट जागा दिलेली असते आणि आपल्याला त्यातले २०४८च मिळतात. उरलेल्यांतले १६ सेक्टर ओळखायला आणि २८८ मुख्यतः चुका शोधून दुरुस्त करायला राखलेले. या दुरुस्तीचं गणित अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलं, कॉम्पॅक्ट डिस्क बाजारात येण्याच्या बावीस वर्षं आधी. थोडेफार ओरखडे त्यामुळे खपून जातात. सीडीच्या छापील बाजूवर मात्र बॉलपेनने लिहू नका. धातूचा थर त्या बाजूला वार्निशच्या लगेच खाली असतो, आणि तो खरवडला गेला तर गणित काही करू शकत नाही. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो. बर्न झाल्यावर 'व्हेरिफाय', म्हणजे लिहिलेलं परत वाचून ताडून बघणं, जरूर करावं. डिस्क परत वाचून हॅश काढायचा असेल तर इमेजच्या आकाराएवढेच सेक्टर वाचा, कारण शेवटी काही भरीचे सेक्टर जोडलेले असू शकतात आणि मग चांगल्या डिस्कचाही हॅश जुळत नाही.

इमेज निवडताना आकारही बघावा. उबुंटू या लोकप्रिय लिनक्सची अलीकडची डेस्कटॉप इमेज ४.७ जीबीच्या डीव्हीडीत मावत नाही. जुन्या यंत्राला डेबियन या दुसऱ्या लिनक्सची नेटइन्स्टॉल इमेज सोयीची. ती लहान असते आणि बाकीचं इंटरनेटवरून घेते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच बेतलेली आहे. डिस्क घातल्यावर एफ१२, एफ२, एस्केप किंवा डिलीट, यांपैकी तुमच्या यंत्राची जी कळ असेल ती दाबून बूट मेनू किंवा सेटिंग उघडायचं आणि ऑप्टिकल ड्राइव्ह निवडायचा.

२०१२ साली विंडोज ८ आली, तेव्हापासूनच्या बहुतेक संगणकांत बायोसच्या जागी यूईएफआय असतं. त्याला फॅट या फाइल-मांडणीच्या पद्धतीने ठेवलेल्या फाइली वाचता येतात. तरी डिस्कवर ते सतराव्या सेक्टरमधूनच कॅटलॉगकडे जातं आणि तिथे ईएफ या खुणेची नोंद शोधतं. त्या नोंदीने दाखवलेल्या छोट्या फॅट इमेजमध्ये त्याला हवी ती बूट फाइल ठरलेल्या नावाने मिळते. पेनड्राइव्हवर तर यूईएफआय थेट फॅट विभाग उघडतं. त्यामुळे 'मी नुसत्या फाइली पेनड्राइव्हवर टाकल्या आणि चाललं' असं कुणी सांगितलं तर ते खरं असू शकतं. जुन्या बायोसवर तसं चालत नाही.

पेनड्राइव्हच्या बाबतीत जुना बायोस शून्याव्या सेक्टरमध्ये बघतो, तोही ५१२ बाइटच्या. आयएसओ ९६६०ने पहिले सोळा सेक्टर मोकळे सोडले होते ते इथे कामी आले. आजच्या बहुतेक लिनक्स इमेजमध्ये त्या मोकळ्या ३२,७६८ बाइटमध्ये पेनड्राइव्हसाठीचा बूट प्रोग्रॅम बसवलेला असतो. डिस्कवर बर्न केली तर तीच फाइल सतराव्या सेक्टरमधून सुरू होते, पेनड्राइव्हवर उतरवली तर शून्याव्यातून. दोघांची एकमेकांत ढवळाढवळ होत नाही. अर्थात पेनड्राइव्हवरही ती कॉपी करून भागत नाही, एचरसारख्या सॉफ्टवेअरने सेक्टरवार उतरवावी लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं. यंत्र यूएसबीवरून बूट होत असेल तर हाच मार्ग घ्या, पेनड्राइव्ह पुन्हा वापरता येतो. होत नसेल तर एक कोरी डीव्हीडी पुरते.