नमुन्यांचा तक्ता आधी, विश्लेषण मग

“डेटा पाठवून आठवडा झाला, रिपोर्ट कुठवर आला?” असे फोन आम्हाला सतत येतात. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं: तक्त्यापाशी, म्हणजे प्रत्येक नमुन्याची माहिती लिहायच्या यादीपाशी, अडलाय.

माती, पाणी, गाळ यांतल्या डीएनएच्या फास्टक्यू फाइली (यंत्राने वाचलेल्या डीएनए-क्रमांच्या) तुम्ही देता. त्यातून कोणते सूक्ष्मजीव कोणत्या प्रमाणात आहेत ते आम्ही काढतो. सोळा-एस जनुकाचा (जिवाणू ओळखायला वापरतात त्या एकाच जनुकाचा) डेटा असेल तर संगणकाचं काम बहुधा रात्रभरात उरकतं. मातीच्या मेटाजिनोमचे (तिच्यातल्या सगळ्या जीवांच्या एकत्रित डीएनएचे) तुकडे जुळवायचे तर शेकडो जीबी रॅम लागू शकते, दिवस मोडतात. पण रखडतं दोन्हीकडे एकाच जागी. नळीवर ‘एम 3’, फाइलीवर ‘एस 17’, तक्त्यात ‘नवी माती’. हे तिन्ही एकच का, हे सॉफ्टवेअर कसं सांगणार? त्यात नाव ‘3-4’ असलं की एक्सेल त्याची तारीख करून मोकळं होतं. (याच खोडीमुळे 2020 पर्यंत काही मानवी जनुकांची नावंसुद्धा बदलावी लागली, तेव्हा तुम्ही एकटे नाही.) तारखेसारखं न दिसणारं एकच नाव तिन्ही ठिकाणी ठेवा.

डीएनए कधी आणि कोणत्या किटने (डीएनए वेगळा करायच्या तयार रसायनसंचाने) काढला, हे रकाने तर हमखास कोरे येतात. खत दिलेल्या मातीचे सगळे नमुने एका किटने आणि बिनखताचे दुसऱ्या किटने काढले असतील, तर दिसणारा फरक खताचा की किटचा, हे कितीही मोठा संगणक लावला तरी सुटत नाही. नमुना न घालता, नुसत्या रसायनांची एक कोरी नळीही सोबत चालवा. किटमध्येच राल्स्टोनिया, ब्रॅडिरायझोबियम या जिवाणूंचा डीएनए सापडू शकतो. जिवाणू मुळातच कमी असलेल्या पाण्यात तोच उठून दिसतो.

तक्ता पुरा झाल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो. पण चुकीच्या लेबलवरचा आलेखही सुबकच दिसतो, आणि चूक कळते ती शोधनिबंध परीक्षकांकडे गेल्यावर.

रिपोर्टमधल्या ‘अनोळखी’ गटाबद्दलही विचारणा होते. ओळखीच्या जीवांच्या संदर्भसंग्रहात जे नाही त्याला आम्ही ओढूनताणून नाव देत नाही. आणि टक्केवारी म्हणजे वाटा. ग्रॅममागे किती जिवाणू, हे तिच्यावरून ठरत नाही.

नमुने गोळा करण्याआधीच कळवलंत तर कोरा तक्ता पाठवतो आणि पहिल्या खेपेला तुमच्यासोबत बसून भरूनही घेतो.